आईच्या मळ्याची माती

उंबरकर मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या देवीच्या मळ्याच्या बांधावर उभ्या राहून चपला काढत होत्या. श्रावणातले दिवस, मळ्यात घोट्याएवढा चिखल. जीपचा ड्रायव्हर त्यांना म्हणत होता, मॅडम, काटेकुटे आहेत, राहू द्या पायात. मॅडमनी चपला बांधावर जोडीनं ठेवल्या, पदर खोचला आणि आत गेल्या. मी देवळाच्या पायरीवर वाती वळत बसले होते. माती पाहायला आलेले साहेब लोक मी आधीही पाहिले होते. ते बूट घालूनच मळ्यात शिरायचे आणि गुरवबाबा मागून नुसते चडफडायचे. ह्या बाईंनी मात्र वाफ्यातली माती पिशवीत भरण्याआधी चिमूटभर कपाळाला लावली. तिथेच त्यांच्याबद्दल माझं मत झालं, आणि पुढे एवढं रामायण घडलं तरी ते बदलावं लागलं नाही.

प्रा. शकुंतलाताई उंबरकर यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या ह्या ग्रंथात मोठमोठे प्राध्यापक आणि कृषी अधिकारी लिहिणार, त्यात मीही लिहावं असं मंडळींनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी मॅट्रिक झालेली बाई. घर सांभाळते, आमच्या महिला भजनी मंडळाचा जमाखर्च ठेवते, त्यापलीकडे लिहिण्याचा मला सराव नाही. मग मॅडमचाच फोन आला. म्हणाल्या, "जमाखर्च लिहिता तसंच लिहा. वाढवून काही लिहू नका म्हणजे झालं." त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहिते आहे. कुठे प्रेमापोटी एखादा शब्द जास्त पडला तर तो माझ्या खात्यावर धरावा.

मॅडम मूळच्या जळगाव जामोदकडच्या. आपल्याच बुलडाणा जिल्ह्यात त्यांनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर बाकीची माणसं तीर्थयात्रा करतात, मॅडमनी शेतं धरली. शिसं, कॅडमियम असे जड धातू शेतातल्या मातीत किती उतरले आहेत आणि मातीतून ते भाजीपाल्यात, धान्यात किती जातात, हे त्या तपासत फिरायच्या. कुठे जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम नाल्याकाठी चाललेलं असायचं, कुठे गावच्या गटाराच्या पाण्यावर पालक-कोथिंबीर पिकवलेली असायची. एसटीनं जायचं, मिळाली तर जीपनं, नाहीतर पायी.

आमचं गाव जानेफळहून थोडं आत आहे. तिकडे त्या आल्या होत्या त्या नाल्याकाठच्या शेतांची माती न्यायला. पण आजारी मातीशी ताडून पाहायला एक निरोगी मातीही लागते. गावात विचारलं तेव्हा सगळ्यांनी एकच जागा दाखवली, आईचा, म्हणजे आमच्या देवीचा, मळा. त्या मळ्यात रासायनिक खताचा दाणा कधी पडला नाही, फवारणी झाली नाही. फक्त शेणखत आणि आईच्या न्हाणाचं पाणी. दर मंगळवारी गुरवबाबा देवीला न्हाऊ घालतात. ते पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून गाभाऱ्याच्या गोमुखातून पाटानं थेट मळ्यात सोडलेलं होतं. नवरात्राआधी आईच्या अंगावरचं शेंदराचं जुनं कवच उतरवायचे, तेही बारीक करून त्याच मातीत मिसळायचे, कारण तेही पायदळी जाऊ नये.

ह्या मळ्यातली भाजी आम्ही कधी विकली नाही. गावात कुठल्याही घरी, कुठल्याही जातीची बाई बाळंत झाली की सव्वा महिना तिच्या घरी आईच्या मळ्यातला शेपू आणि मेथी पोचवायची. ही आमच्या गावची जुनी रीत. पोचवण्याचं काम भजनी मंडळाकडे, म्हणजे बहुतेक वेळा माझ्याकडेच. ती भाजी खाऊन वाढलेलं लेकरू आईच्या ओटीतलं, असं आम्ही मानतो. मी स्वतः तीच भाजी खाऊन बाळंतपणं काढली.

त्या पहिल्याच दिवशी मॅडमशी माझी थोडी खडाजंगी झाली, तेही सांगते. त्यांनी प्रत्येक शेतासाठी नवी कोरी पिशवी काढलेली पाहून माझा जीव वरखाली झाला. मी घरी धावत गेले आणि दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांची चळत आणून त्यांच्यापुढे ठेवली. मॅडम म्हणाल्या, ह्या नाही चालायच्या, आधीच्या वस्तूचा अंश राहिला तर माती खोटं बोलेल. लोखंडी खुरपंसुद्धा त्या वापरत नव्हत्या, लाकडाचं उलथनं घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, एवढी उधळपट्टी आमच्या घरात चालत नाही. त्या हसल्या आणि माझ्या पिशव्या मागून घेतल्या. पुढे त्यांच्या घरी गेले तेव्हा पाहिलं, गच्चीवर त्याच दुधाच्या पिशव्यांत वांग्या-टोमॅटोची रोपं ओळीनं लावलेली होती. तेव्हापासून आमचं जमलं.

माती नेल्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. दरम्यान माझी लेक मनीषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. घरात डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, आणि रोज दोन्ही वेळा आईच्या मळ्यातली भाजी.

एका दुपारी मॅडम दारात उभ्या. ह्या वेळी जीप नव्हती, एकट्याच एसटीनं आल्या होत्या. चेहरा उतरलेला. मनीषा ओसरीवर बाळाचा पाळणा पायानं हलवत शेपू-भाकरी खात होती. मॅडमनी पाणी प्यायलं, पाळण्यात डोकावल्या, मग त्यांची नजर ताटाकडे गेली.

"भाजी कुठली वो?" त्यांनी मला विचारलं.

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आईच्या मळ्यातली, दुसरी कुठली असणार?

मॅडमनी ताट ओढलं नाही, आवाज चढवला नाही. मनीषाजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "माय, माह्यासाठी एक काम कर. आज वरणासंगं खाय."

मग मला आत स्वयंपाकघरात बोलावून त्यांनी सगळं सांगितलं. जी माती निरोगी म्हणून नेली होती, तिच्यात शिसं सगळ्यांत जास्त निघालं. नाल्याकाठच्या शेतांपेक्षाही जास्त. आधी त्यांना वाटलं प्रयोगशाळेत काही घोटाळा झाला, म्हणून उरलेली माती दुसरीकडे पाठवली. तिथेही तेच. मग गोमुख आठवलं. आपण देवाला लावतो तो जुन्या पद्धतीचा शेंदूर शिशापासून करतात. मंगळवारच्या मंगळवारी, पिढ्यान्‌पिढ्या, तो त्याच अर्ध्या एकरात जिरत होता. पालेभाजीवर ती माती बसते, थोडी मुळातूनही चढते. मोठ्या माणसाला लवकर जाणवत नाही, पण तान्ह्या लेकराच्या डोक्याच्या वाढीला शिसं फार वाईट.

मी चुलीपुढेच बसले. एवढंच म्हणू शकले, "मॅडम, ते आईचं हाय."

"आईवर माहा संशय नाई बाई," मॅडम म्हणाल्या. "मातीवर हाय."

दुसऱ्या दिवशी मनीषाला आणि बाळाला घेऊन आम्ही बुलडाण्याला गेलो. मॅडम आधीच दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या. बाळाचं रक्त काढताना मनीषानं तोंड फिरवलं, मी डोळे मिटून आईचं नाव घेत होते. बाळाला मॅडमनी धरलं होतं. रक्त मोठ्या शहरात तपासायला जाणार, अहवाल यायला वेळ लागणार होता.

ते दिवस मी कसे काढले ते आईला माहीत. पण त्या दिवसांत दर दोन-तीन दिवसांनी दुपारच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ माझ्या नावची एक कापडी पिशवी यायची. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेला शेपू, कधी मेथी, कधी चाकवत. मॅडमच्या गच्चीवरचा. मनीषाचा सव्वा महिना संपेपर्यंत ती पिशवी एकदाही चुकली नाही. पिशवी मी धुऊन, घडी घालून परतीच्या एसटीत द्यायची. ड्रायव्हर मला म्हणायचा, काकू, तुमच्या लेकीपायी माही गाडी भाजीबाजार झाली.

अहवाल आला. मनीषाच्या रक्तात शिसं हवं त्यापेक्षा जास्त होतं, बाळाच्या थोडं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं, अंगावरचं दूध चालू ठेवा, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या द्या, ती भाजी बंद, आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासू. म्हणजे घोर तर लागूनच राहिला.

पण आमच्या एका घरातली भाजी बंद करून भागणार नव्हतं. गावात आणखी बाळंतिणी होत्या. त्यांच्या घरी भाजी पोचवायला मी नकार दिला आणि गावभर झालं, ती कॉलेजची बाई आईच्या न्हाणाला विष म्हणते. गुरवबाबा माझ्याशी बोलेनासे झाले. देवीला हात लावणाऱ्या त्यांच्या घराण्याच्या किती पिढ्या त्या गाभाऱ्यात गेल्या, त्यांना हे किती लागलं असेल ते मी समजू शकत होते. पंच मंडळींनी सभा बोलवायचं ठरवलं. मॅडमना निरोप गेला, येऊन कागद दाखवा.

मॅडमनी उलट निरोप धाडला, सभा नको, मला मंगळवारचं न्हाण पाहायचं आहे.

सोमवारी संध्याकाळी त्या आमच्याकडे मुक्कामाला आल्या. सकाळी अंघोळ करून, धुवट लुगडं नेसून आमच्या भजनाच्या बायकांत बसल्या. गुरवबाबांनी आईला तेल लावलं, न्हाऊ घातलं. गोमुखातून पाणी येऊ लागलं तेव्हा मॅडमनी हात जोडून विचारलं की हे पाणी फडक्यातून गाळून घेऊ का.

बाबा आतूनच म्हणाले, "इतके दिस इख म्हणत होत्या. आता गाळून पेता का?"

बायका हसल्या. मॅडमही हसल्या. त्यांनी नवं पांढरं मलमल आणलं होतं. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. न्हाण संपेपर्यंत आम्ही दोघी गोमुखाखाली वाकून उभ्या होतो. मग मॅडमनी ते फडकं देवळाच्या पायरीवर उन्हात पसरलं आणि बाजूला झाल्या. फडक्याच्या मधोमध शेंदराचा जाड थर बसला होता.

गुरवबाबा बाहेर येऊन पाहत राहिले.

"किती वर्षांपासून जाते बाबा हे मळ्यात?" मॅडमनी विचारलं.

"माह्या आज्याच्या आंधीपासून."

"शेण टाकलं तं कुजते. पाला टाकला तं कुजते," मॅडम म्हणाल्या. "शिसं कुजत नाई बाबा. तुमच्या आज्यानं न्हाऊ घातलेलं बी अजून तिथंच हाय."

पंचांपैकी एक जण म्हणाला, मग मळ्यातली भाजी बंद करायची का ते कौल लावून विचारा, आई सांगेल ते खरं. आमच्याकडे कौल म्हणजे देवीच्या अंगाला ओलं फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं आता त्या म्हणणार, असल्या गोष्टी फुलावर ठरत नसतात. पण त्या म्हणाल्या, "लावा. मले मंजूर हाय."

बाबांनी फूल घेतलं, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. मागे वळून फडक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. मनगटापर्यंत शेंदरानं लाल झालेले हात. ते फूल त्यांनी तसंच आईच्या पायाशी ठेवलं आणि बाहेर आले.

"कौल कशाले लावायचा?" ते म्हणाले. "आईनं फडक्यावर लिहूनच देल्लं. आता पुन्हा विचारलं तं आईलेच खोटं पाडल्यावानी होईन."

मग बाबाच मॅडमकडे वळले. भाजीची रीत मात्र मी मोडू देणार नाही, म्हणाले, त्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

मॅडम म्हणाल्या, "आईच्या अंगावर शेंदूर शोभते बाबा, लेकराच्या पोटात नाई. मळा आईच्या फुलांले देऊ. भाजी दुसऱ्या वावरात लावू."

"मग ते आईची भाजी कशी होईन?"

"काऊन? एवढाच मळा आईचा हाय का? बाकीचं शिवार कोनाचं हाय मग?"

बाबा कितीतरी दिवसांनी हसले. मॅडमनी मला कोपरानं ढोसलं. आमच्या घरामागची माती त्यांनी आधीच तपासून ठेवली होती, ती स्वच्छ निघाली होती. आईच्या भाजीचा पहिला वाफा त्याच आठवड्यात माझ्या परसात पडला. आता गावातली घरं पाळीपाळीनं वाफा लावतात. माती आधी तपासून घ्यायची, पहिली जुडी आईपुढे ठेवायची, मग बाळंतिणीकडे. मळ्यात झेंडू आणि शेवंती असते. न्हाणाचं पाणी आता एका बंद टाक्यात जातं.

त्या मंगळवारी जाताना एसटीच्या थांब्यावर मी मॅडमना विचारलं, कौल डावा पडला असता तर काय केलं असतं? त्या म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी पुन्हा फडकं घेऊन आले असते. आई काय एवढी हट्टी नाही, कधीतरी उजवा देतेच."

मॅडमच्या मनाचा मोठेपणा मला नंतर जास्त कळला. गुरवबाबांच्या पोटात वर्षानुवर्षं कळा यायच्या, ते ओवा खाऊन दिवस ढकलायचे. ज्या माणसानं आपल्याला चारचौघांत टोमणा मारला, त्यालाच मॅडम स्वतः दवाखान्यात घेऊन गेल्या. त्याचंही कारण शिसंच निघालं. मग शिशाविना केलेला शेंदूर कुठून कुठून शोधून आणला. बाबांनी वास घेतला, रंग फिका आहे म्हणाले, दोन नवरात्रं कुरकुर केली. मॅडमनी दोन्ही वेळा शांतपणे ऐकून घेतलं आणि सोबत हात धुवायच्या साबणाचा पुडा दिला. आता बाबा जेवणाआधी इतका वेळ हात धुतात की त्यांची म्हातारी म्हणते, ताट वाढायच्या आंधीच पाणी संपते.

आणखी एक आठवण. एकदा अमडापूरच्या बाजारात मी मॅडमबरोबर होते. एका भाजीवाल्यानं त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं की माझ्या शेजारच्या दुकानदाराची भाजी गटाराच्या पाण्यावरची आहे, त्याच्या शेताचा तुमचा तपासणीचा कागद मला दाखवा, मी गिऱ्हाइकांना सांगतो. मॅडमनी त्याला कागद दाखवला नाही. म्हणाल्या, आजारी मातीची चहाडी करत नसतात, तिच्या धन्याला सांगायचं असतं. मग त्या शेजारच्या माणसाकडे जाऊन बसल्या. चहा झाला, पोराबाळांची चौकशी झाली, मग मातीचा विषय निघाला. पुढच्या हंगामात त्या माणसानं तिथे पालक सोडून कपाशी लावली. मॅडमनी हे कुठे लिहिलं नसेल, म्हणून मी लिहिते.

मनीषाचा दुसरा अहवाल चांगला आला, तिसरा त्याहून चांगला. बाळाचा तर डॉक्टरांनी पुन्हा तपासायचंच नको म्हणून सांगितलं. तो अहवाल मी आईच्या पायाशी ठेवला आणि नंतर मॅडमना फोन केला. दोघींना सांगताना मला सारखंच रडू आलं. माझा नातू वेदांत आता दुसरीत आहे. पाढे घडाघडा म्हणतो आणि शेपूची भाजी पाहिली की तोंड वाकडं करतो. मॅडम म्हणतात, त्याच्या डोक्याची वाढ उत्तम झाल्याचा हाच पुरावा.

अजूनही दर पावसाळ्यात मॅडम आमच्या मळ्याची माती न्यायला येतात. गुडघे दुखतात, बांधावर बसून चपला काढाव्या लागतात, पण काढल्याशिवाय आत जात नाहीत. मी त्यांना एकदा विचारलं होतं, ही माती पुन्हा भाजीजोगी केव्हा होईल? त्या म्हणाल्या, शेणखत घाला, माती फुलांनी झाकलेली ठेवा, धोका कमी होईल. पण शिसं निघून जायला फार काळ लागतो, आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही ते तिथे सापडेल.

मॅडमची ही सवय मला ठाऊक आहे, हाती घेतलेलं काम त्या अर्ध्यात टाकत नाहीत. म्हणून ह्या शुभप्रसंगी मी आईकडे फार काही मागत नाही. आईच्या मळ्यात पुन्हा शेपूचा वाफा पडेपर्यंत, दर पावसाळ्यात, उंबरकर मॅडमनी धडधाकट पायांनी तिथे माती न्यायला यावं, एवढंच माझं मागणं आहे. कोऱ्या पिशव्यांबद्दल मी एक शब्द बोलणार नाही.